बिल न घेता घेतलेला मॉनिटर

मी लग्नाचे फोटो काढतो आणि अल्बम करून देतो. एका लग्नघरच्या काकूंनी अल्बम उघडला आणि हळदीची दोन पानं बघून सरळ लग्नाच्या पानावर गेल्या. मग अल्बम माझ्याकडे फिरवत म्हणाल्या, “दादा, ही माझी पैठणी नव्हे.”

खरंच नव्हती. त्यांची पैठणी मोरपंखी. छापून आलेली शाळेच्या युनिफॉर्मसारखी फिकट निळी. हळद पाणी जास्त झालेल्या पिठल्यासारखी आणि नवरी आजारातून उठल्यासारखी. बारा बाय छत्तीसच्या चाळीस शीट, सगळ्या तशाच. मी तिथल्या तिथे दोष अल्बम छापणाऱ्या लॅबवर ढकलला. कोल्हापूरचा हा लॅबवाला आठ वर्षांपासूनचा, तरी फोनवर त्याला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, फाइल उघडा आणि नवऱ्याच्या मामाच्या सदऱ्यावर कर्सर न्या.”

नेला. पांढरा सदरा. लाल (आर) 221, हिरवा (जी) 230, निळा (बी) 247. पांढऱ्यात तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. निळं मीच ओतलं होतं, फोटो मागून फोटो, सहाशे फोटोंत. का, तर माझ्या स्क्रीनवर सगळं पिवळट दिसत होतं आणि मी ते ‘दुरुस्त’ करत होतो. स्क्रीन अंधुक म्हणून उजेडही वाढवला होता, त्यामुळे छपाई धुतल्यासारखी. आणि स्क्रीन पिवळी आहे हे कळलं का नाही? डोळा दोन दिवसांत सरावतो. जुन्या ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याला ती जुनी वाटत नाही, तसंच.

मॉनिटर मात्र जुना नव्हता. म्हणजे, माझ्या मते नव्हता. तीन महिन्यांपूर्वी पुण्यातून आणलेला, सत्तावीस इंची, ‘सीलपॅक’.

खरेदीची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला अॅडोबी आरजीबी, म्हणजे रंगांचा मोठा पट्टा, पूर्ण दाखवणारा मॉनिटर हवा होता. नेहमीचे मॉनिटर एसआरजीबी या लहान पट्ट्यापुरते असतात आणि मोरपंखी, गडद हिरवट निळा असे रंग त्या कुंपणाच्या बाहेर पडतात. लग्नाच्या साड्यांत नेमके तेच रंग. मी हव्या त्या मॉडेलचा नंबर दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवला. बाकी सगळीकडे चाळीसच्या पुढे भाव, याने 31,000 सांगितला. दुकानात गेल्यावर त्याने समुद्रातल्या माशांचा व्हिडिओ लावला. असा व्हिडिओ कुठल्याही पडद्यावर भारीच दिसतो, हे मला, फोटोग्राफरला, कळायला हवं होतं. बिट किती, म्हणजे रंगांच्या किती छटा दाखवतो, असं विचारलं तर म्हणाला, “16.7 मिलियन कलर आहेत सर, टेन बिट.” 16.7 मिलियन म्हणजे 1 कोटी 67 लाख, आणि तो आठ बिटचा आकडा. दहा बिटचे रंग 107 कोटी होतात. हे मला माहीत होतं, तरी मी मान डोलावली, कारण माझं लक्ष भावावर होतं.

मग तो म्हणाला, “बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील.”

मी हो म्हणालो. 26,000 यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, कुणा भलत्याच्याच खात्यावर. त्या क्षणी फसवणारे आम्ही दोघे होतो. फक्त माझी फसवणूक सरकारची आणि त्याची माझी.

घरी जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये वेगळंच मॉडेल दिसलं. फोन केला. “ड्रायव्हर टाकला नसेल सर, म्हणून तसं दाखवतंय.” ही शुद्ध थाप. मॉनिटरच्या आत एक छोटी चिप असते, तिच्यात मॉडेल, सिरियल नंबर, बनल्याचा आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर ते तिथूनच वाचतो. मागचं स्टिकर बदलता येतं, चिपमधली माहिती बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पण सीझन तोंडावर होता आणि मी थाप गिळली.

काकूंच्या घरून आलो त्या रात्री ती चिप एका फुकटच्या सॉफ्टवेअरने वाचली. आठवडा 34, वर्ष 2019. मॉडेल त्याच कंपनीचं, पण ऑफिसात वापरायचं. रिझोल्यूशन तेच, बाहेरून चौकट जवळपास तीच, म्हणून शंका आली नव्हती. मागच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर. खोक्यात रंग तपासल्याचा रंगीत ‘कॅलिब्रेशन रिपोर्ट’ होता, डेल्टा ई (रंगातली चूक) दोनपेक्षा कमी वगैरे. त्यावरचा सिरियल नंबर खोक्यावर नव्हता, मॉनिटरवर नव्हता आणि चिपमध्येही नव्हता. कुठल्या तरी तिसऱ्याच मॉनिटरच्या रिपोर्टची कलर झेरॉक्स. फॅक्टरी मेनूत वापराचे तास सापडले: 11,400. रोज दहा तास धरले तरी तीन वर्षांच्या वर. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला माल पुसून, नवं स्टिकर लावून, प्लॅस्टिक चढवून माझ्याकडे आला होता.

मित्राचा कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, आणून मोजलं. ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही 140 निट्स, पांढरा रंग 5400 केल्विनच्या आसपास, हवा 6500 (आकडा कमी तितका पांढरा पिवळट). अॅडोबी आरजीबी 71 टक्के. कॅलिब्रेटरने पिवळेपणा बराच काढता येतो, पण पॅनलमध्ये जे रंगच नाहीत ते कुठून आणणार?

दुकानदार आधी ओळखच देईना. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. पण हेही कळलं की 2019 च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला फी लागत नाही. माझ्याकडे मॉडेल नंबर आणि भाव लिहिलेलं चॅट होतं, यूपीआयची पावती होती. तक्रारीचा मसुदा लिहून त्याच चॅटवर पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, “सर, इतकं कशाला?” शेवटी 17,000 परत आणि मॉनिटर त्याला परत. लढलो असतो तर कदाचित सगळे मिळाले असते. सीझनमध्ये तेवढा जीव नव्हता. अल्बम पुन्हा छापायला साडेअकरा हजार गेले, ते वेगळेच.

आता कोणी विचारलं तर एवढंच सांगतो: बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, दुकानात स्वतःचा लॅपटॉप जोडून चिप वाचा, आणि दाखवायला मासे नाही तर तुमचाच छापून घेतलेला एक फोटो आणि त्याची फाइल घेऊन जा. ‘72 टक्के एनटीएससी’ (रंगांचा पट्टा मोजायचं जुनं टीव्हीचं माप) असं लिहिलेलं दिसलं तर तो साधारण एसआरजीबीएवढाच पॅनल समजा. ‘45 टक्के’ असेल तर हिशेबाच्या कामाला ठीक. आणि रिपोर्ट असेल तर त्यावरचा नंबर जुळवल्याशिवाय खोकं उचलू नका.

नवा मॉनिटर बिलासकट घेतला. महाग पडला, बोलत नाही. दुसरा अल्बम छापायला टाकण्याआधी काकूंना पैठणी घेऊन स्टुडिओत बोलावलं. त्यांनी घडी मोडून पदर स्क्रीनच्या शेजारी धरला. मी पडदे ओढले, रंग थोडा हिरव्याकडे नेला, पुन्हा मागे आणला. त्या बराच वेळ एकदा पदराकडे, एकदा स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“काठ बरोबर आलाय,” त्या म्हणाल्या. “अंगाचा रंग अजून थोडा मोराकडे न्या.”

तेवढा मोर कागदावर येत नाही हे त्यांना समजावण्यात पुढचा अर्धा तास गेला.