जादा बॅटरी: थेट पॅरलल, डायोड की चेंजओव्हर स्विच?

इलेक्ट्रिक स्कूटरची रेंज पुरत नाही म्हणून दुसरी बॅटरी जोडायचं ठरलं असेल, तर आधी एवढंच सांगा: दोन्ही पॅक कायम एकत्र राहणार आहेत, की एखादा अधूनमधून काढून घरात चार्जिंगला न्यायचा आहे? पद्धत यावरच ठरते.

थेट पॅरलल म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्टेज तेवढंच राहतं, क्षमता वाढते. ४८ व्होल्टचे २० आणि १० अँपिअर-अवरचे पॅक मिळून ३०. शिवाय चढावर ओढला जाणारा करंट दोघांत वाटला जातो, त्यामुळे व्होल्टेज कमी घसरतं आणि पॅक कमी तापतात. हा फरक चालवताना जाणवतो.

धोका आहे तो जोडण्याच्या क्षणी. दोन्ही पॅक फुल आहेत असं धरून मी एकदा कनेक्टर हातात घेतला होता. सहज मल्टिमीटर लावला, तर एक ५४.२ आणि दुसरा ४९.२ व्होल्ट! लिथियम-आयनच्या १३ सेलच्या, म्हणजे ४८ व्होल्टच्या म्हणवणाऱ्या पॅकमध्ये फुल म्हणजे ५४.६. पाच व्होल्टचा फरक, दोन्ही पॅक आणि वायर मिळून रोध समजा ०.२ ओहम, म्हणजे जोडताक्षणी २५ अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात घुसले असते. लहान पॅकना चार्जिंगला याच्या निम्मेही झेपत नाहीत. तेव्हापासून फरक ०.१ व्होल्टच्या आत आल्याशिवाय मी जोडत नाही.

आणखी एक भानगड बीएमएसची, म्हणजे पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची. एका पॅकच्या बीएमएसने कमजोर सेलमुळे पुरवठा तोडला, की सगळा भार दुसऱ्यावर. तो पॅक उतरत जातो, आणि पहिला पुन्हा चालू झाला की तोच व्होल्टेजचा फरक समोर. वेगळ्या केमिस्ट्रीचे पॅक तर जोडूच नका. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) १६ सेल आणि एनएमसीचे (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) १४ सेल फुल असताना ५८.४ आणि ५८.८ व्होल्ट, अगदी जुळे वाटतात. पण उतरताना दोघांची चाल निराळी, त्यामुळे एक दुसऱ्याला चार्ज करत बसतो.

डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, प्रत्येक पॅकला लावला तर हे उलट वाहणं थांबतं. जास्त व्होल्टेजचा पॅक आधी उतरतो, बरोबरीला आले की दोघे मिळून चालतात. साध्या शॉट्की डायोडमध्ये मात्र अर्धा व्होल्ट जातो. २० अँपिअरला १० वॅट उष्णता, म्हणजे हीटसिंक हवाच. रीजेन ब्रेकिंगचा (ब्रेक लावताना मोटरमधून बॅटरीत परत येणारा) करंट परत जाऊ शकत नाही, ते बंद ठेवावं लागतं. प्रत्येक पॅक आपापल्या पोर्टवरून चार्ज करायचा.

चेंजओव्हर स्विचमध्ये एका वेळी एकच पॅक. करंट वाटला जात नाही, म्हणून दोन्ही पॅक एकट्याने कंट्रोलरचा (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) पूर्ण भार पेलणारे हवेत. बदल्यात वेगळ्या वयाचे, वेगळ्या क्षमतेचे पॅकही चालतात, फक्त व्होल्टेज कंट्रोलरला चालणारं हवं.

माझं मत स्पष्ट आहे. एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे आणि कायम जोडलेले राहणारे पॅक असतील तरच थेट पॅरलल, तेही प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लावून. पॅक काढघाल होणार असेल किंवा जुन्याला नव्याची जोड द्यायची असेल, तर चेंजओव्हर. रीजेन नसलेल्या गाडीत डायोडही चालतील. बीएमएस आणि कंट्रोलर आपसात डेटा देतात अशा स्कूटरमध्ये मात्र बाहेरचा पॅक गाडी स्वीकारेलच असं नाही, वॉरंटीही जाऊ शकते. आधी विचारून घ्या.

स्विच घेताना त्यावरचं डीसी रेटिंग बघा. एसीचा स्विच डीसीची ठिणगी तोडायला कमी पडतो, काँटॅक्ट जळून चिकटतात. आधी पहिला पॅक सुटेल आणि मगच दुसरा लागेल, असाच प्रकार हवा. आणि तो फिरवायचा गाडी थांबवून, चावी बंद करून.