१९६५च्या मस्टँगवर पुन्हा ऑटोलाइट ११००: काही महिन्यांच्या वापरानंतर

डेट्रॉइट परिसरात जुन्या अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग मिळणे अवघड नाही. आपल्या गाडीला नेमका कोणता भाग चालेल, हे ठरवणे अवघड आहे. माझ्याकडे १९६५ची फोर्ड मस्टँग आहे: सहा सिलिंडरचे २०० घनइंची इंजिन आणि सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने तिच्यावर ‘१७० आणि २०० इंजिनांसाठी’ म्हणून विकला जाणारा नवा, स्वस्त कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवला होता. गाडी एका झटक्यात सुरू होई, आयडलिंगही शांत असे. मात्र चढावर पॅडल दाबले की पिकअप म्हणून मिळत नसे. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस मी तो काढून त्या जागी दुरुस्त केलेला ऑटोलाइट ११००, म्हणजे फोर्डचा त्या काळचा मूळ कार्बोरेटर, बसवून घेतला.

दोष त्या नव्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, नव्हता. साधारण १९६७पर्यंत फोर्डच्या बहुतेक सहा सिलिंडर इंजिनांवर लोड-ओ-मॅटिक डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा भाग) येत असे. त्यात वेगाबरोबर बाहेर सरकून ठिणगी लवकर पाडणारी वजने मुळातच नसतात. ठिणगी किती आधी पडावी, हे केवळ कार्बोरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) ठरते. ऑटोलाइट ११०० हा व्हॅक्यूम व्हेंच्युरीतून (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यातून) आणि थ्रॉटलच्या (पॅडलने उघडणाऱ्या पाकळीच्या) बाजूने असा दोन्हीकडून घेतो, आणि त्याचा मेळ स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह ही अंगावर आट्यांनी बसवलेली लहानशी झडप घालते. नव्या कार्बोरेटरला ही झडपच नव्हती. त्यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम पडे आणि ठिणगीचे टायमिंग नेमके हवे तेव्हाच मागे जाई.

म्हणून नुसता कार्बोरेटर ओळखून भागत नाही, डिस्ट्रिब्यूटरही ओळखावा लागतो. कार्बोरेटरच्या झाकणाच्या स्क्रूखाली एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावरील ‘सी५डीएफ’सारख्या क्रमांकात सी म्हणजे साठचे दशक, ५ म्हणजे १९६५ आणि डी म्हणजे फोर्डचीच फाल्कन ही गाडी; मस्टँगचे अक्षर झेड. फाल्कनचे अक्षर पाहून दचकू नये, कारण दोन्ही गाड्यांचे पुष्कळ भाग सामाईक होते. दुरुस्ती करणारे ही पट्टी बहुधा हरवतात. डिस्ट्रिब्यूटरची परीक्षा त्याहून खात्रीची आहे: व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, गिअर पार्कमध्ये ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा आणि पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) धरावा. खूण जागची हलली नाही, तर आत वजने नाहीत. माझ्या गाडीत ती तसूभरही हलली नाही.

बसवण्याचे काम किरकोळ आहे. इनटेक मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असल्याने कार्बोरेटर दोनच नटांवर बसतो. ते फार आवळले तर तळाची फ्लँज (बसवायची सपाट कड) वाकते. खरा वेळ जातो तो थ्रॉटलच्या दांड्याची तपासणी करण्यात. इतक्या वर्षांत तो ज्यात फिरतो ती भोके झिजतात आणि तिथून हवा शिरते. इंजिन चालू असताना दांड्याच्या टोकाशी कार्ब क्लीनर फवारल्यावर आयडलिंग बदलले, तर भोकांत नवे बुश (धातूच्या नळकांड्या) घातल्याशिवाय तो कार्बोरेटर विकत घेऊ नये, मग बाहेरून तो कितीही चकचकीत असो. माझ्याकडील नगाला बुश घातलेले आहेत आणि त्याचे आयडलिंग अजून स्थिर आहे.

पिकअपमधला फरक पहिल्याच चढावर कळला आणि तो टिकून आहे. तक्रारी मात्र उरल्याच. उन्हाळ्यात गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. आठवडाभर गाडी उभी राहिली, तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते. इथल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर हे चालायचेच. पंपाचा रबरी पडदा आणि नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात.

आपल्या गाडीत १९६८नंतरचा, वजने असलेला डिस्ट्रिब्यूटर कुणी आधीच बसवला असेल, तर या झडपेच्या कार्बोरेटरसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. तिथे कार्टर वायएफ हा कार्बोरेटर चांगले काम देतो.