नवखा, मुरलेला की आयात केलेला: येत्या मोसमात भरवसा कुणावर?

ऑक्टोबर लागला की आमच्या इंडियानातल्या मित्रमंडळींत दिवाळीच्या फराळाआधी एकाच गोष्टीवरून डोकी तापतात: यंदा भरवसा कुणावर ठेवायचा? हायस्कूल गाजवून आलेल्या पोरावर, दोन वर्षं बाकावर मुरलेल्यावर, की दुसऱ्या कॉलेजातून आणलेल्यावर? नोव्हेंबरात अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी तुम्हीही एखादा खेळाडू हेरणार असाल, तर तिघांना शेजारी शेजारी उभं करून बघा. माझं झुकतं माप मुरलेल्याला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारण झॅक एडी. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा ७ फूट ४ इंची सेंटर (म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी), मूळचा टोरंटोचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे वळला तो दहावीच्या सुमारास. कॉलेजात आला तेव्हा त्याच्या वर्षाच्या क्रमवारीत चारशेच्याही खाली. २०२१-२२ मध्ये सामन्याला सरासरी १४.४ गुण. बरे आहेत, पण डोळे दिपावेत असे नाहीत. त्याच ओळीतला मिनिटांचा रकाना पाहिला की मात्र गंमत कळते: जेमतेम १९ मिनिटं! कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा. त्या हिशेबानं हे तिसाच्या घरात जातात. उरलेल्या मिनिटांतली बरीचशी त्याच जागी खेळणाऱ्या ट्रेव्हियन विल्यम्सच्या वाट्याला होती. २०२२ मध्ये विल्यम्स संघ सोडून गेला, एडी जवळजवळ ३२ मिनिटं खेळू लागला आणि सरासरी २२.३ वर पोचली. मिनिटामागे गुण खरं तर किंचित कमीच झाले. वाढली ती मिनिटं. संघातला आणखी एक मोठा खेळाडू जेडन आयव्हीही गेला होता, म्हणून मोसमाआधीच्या एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिल्या पंचवीसात पर्ड्यू नव्हतंच. डिसेंबरात तोच संघ पहिल्या क्रमांकावर. एडीला त्या वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पुन्हा.

थोडकी मिनिटं खेळणारा प्रत्येक जण असा निघत नाही, हे खरंच. दम टिकला पाहिजे, आणि पाच फाउल झाले की बाहेर बसावं लागतं. म्हणून मी दोनच गोष्टी बघतो. त्याच्या पुढची जागा खरोखर मोकळी झालीय का? आणि तो फाउलशिवाय खेळतो का? एडी दोन्हीत पास होता.

आता नवखे. इथे कागदावर फसायला फार वाव. इमोनी बेट्स आणि कूपर फ्लॅग, दोघांनीही हायस्कूलचं एक वर्ष गाळून १७व्या वर्षी कॉलेज गाठलं, आणि दोघांच्याही नावाचा गवगवा आधीपासून. बेट्स तर २०२० मध्ये दहावीत असतानाच गॅटोरेडचा देशातला सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू ठरला होता. मेम्फिसमध्ये २०२१-२२ चा मोसम संपला तेव्हा सरासरी ९.७ गुण. त्याची सारी भिस्त नेमावर. नेम चुकू लागला, वर पाठीचं दुखणं, मग हाती फारसं काही उरेना. ड्यूककडून २०२४-२५ मध्ये फ्लॅगनं १९.२ गुण, ७.५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि ४.२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी राखली. तोही सुरुवातीला चुकलाच: केंटकीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणांत चेंडू हातून गेला आणि ड्यूक हरलं. पण त्याच सामन्यात २६ गुण आणि १२ रिबाउंड त्याच्या नावावर होते. नेम रुसला तरी बचाव, रिबाउंड आणि पास रुसत नाहीत. नवखा निवडायचाच तर असा निवडा. हायस्कूलच्या व्हिडिओत नुसते डंक (उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबणं) आणि लांबचे फटके दिसले, तर मी दोन हात लांब राहतो.

आयात खेळाडूंचं थोडक्यात. हंटर डिकिन्सन मिशिगनात १८.५ गुण काढत होता, २०२३ मध्ये कॅन्ससला गेला आणि तिथे १७.९ काढले. म्हणजे माल सांगितल्याप्रमाणे मिळाला. पण मोसमाआधी पहिल्या क्रमांकावर असलेलं कॅन्सस मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत गोन्झागाकडून ८९-६८ असं हरलं. खेळाडूचे आकडे त्याच्याबरोबर येतात, आधीच्या संघातली जमलेली घडी येत नाही.

आणि मुरलेल्यावर भरवसा ठेवला तरी एक कान उघडा ठेवा. मार्च २०२३ मध्ये त्याच स्पर्धेत अव्वल मानांकित पर्ड्यूला सोळावं मानांकन मिळालेल्या फेअरली डिकिन्सननं ६३-५८ असं हरवलं. तो देशातला सगळ्यात बुटका संघ. एक जण एडीच्या पुढे, एक मागे, आणि त्याच्यापर्यंत चेंडू पोचवायलाच मारामार. तरी त्यानं २१ गुण आणि १५ रिबाउंड केले. बाहेरून मात्र पर्ड्यूचे २६ पैकी ५ थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) पडले. म्हणून यंदा एखादा सेंटर हेरलात, तर त्याच्याभोवतीच्या गार्डांचा (बाहेरून खेळणाऱ्यांचा) थ्री पॉइंटरचा टक्काही त्याच बैठकीत बघून घ्या.