नाताळची रोषणाई टिपायला काय न्यावं: फोन, किट लेन्सचा कॅमेरा की ५० मिमीची लेन्स?

सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाच्या वेचणीत थोडी उसंत असते, कॉन्व्हेंटच्या पोरांना सुटी लागलेली असते. विदर्भातल्या गावाकडून थीम पार्कची सहल निघते ती याच दिवसांत. अकोला-बुलडाण्याकडचे लोक रेल्वेने कल्याण गाठून कर्जतमार्गे खोपोलीच्या इमॅजिकाला जातात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्यांना पांढरकवडा-आदिलाबादवरून हैदराबादचा रस्ता सोपा, म्हणून ते रामोजी फिल्म सिटी धरतात. दोन्हीकडे दिवसा झुले आणि खेळ, आणि अंधार पडू लागला की झाडं, कमानी, चांदण्या आणि पुतळ्यांवरची रोषणाई. हे फोटो फोनवर काढावेत, तालुक्याच्या स्टुडिओतून कॅमेरा भाड्याने घ्यावा, की ओळखीच्या फोटोग्राफरकडून ५० मिमीची (झूम नसलेली, पण जास्त उजेड घेणारी) लेन्स मागून न्यावी, असा प्रश्न पडला असेल, तर आमचं मत आधीच सांगतो. सजावटीसाठी चांगला फोन पुरतो. सजावटीसमोरच्या माणसांसाठी ५० मिमी फोनच्या कितीतरी पुढे आहे. किट लेन्सचा, म्हणजे सोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचा कॅमेरा हातात धरून रात्री फोटो काढणं मात्र तिन्हींत वाईट, आणि बहुतेक लोक भाड्याने नेमका तोच घेऊन जातात.

किट लेन्स का फसते

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची लेन्स १८ वर एफ ३.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी), पण झूम करून ५५ वर नेली की एफ ५.६ वर येते. ५० मिमीची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. म्हणजे जवळपास त्याच चौकटीत किट लेन्सला सुमारे दहापट कमी उजेड मिळतो. ही तूट कॅमेरा दोनच मार्गांनी भरून काढतो: शटर बराच वेळ उघडं ठेवतो, मग लेकरू हललं की चेहरा पुसला जातो, नाहीतर आयएसओ, म्हणजे उजेड वाढवून घेण्याचा आकडा, ६४०० च्या वर नेतो, मग कातडीवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. ऑटोवर ठेवलं तर तो स्वतःचा फ्लॅश उघडतो, आणि तो सर्वांत मोठा घात. फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. चेहरे पांढरेफटक होतात, मागचं झाड काळोखात जातं आणि चमकीच्या माळांवर डाग उठतात.

याच लेन्सला एक जागा मात्र आहे. कॅमेरा तिपाईवर किंवा कठड्यावर पक्का ठेवता येत असेल, तर आयएसओ १००, एफ ११, शटर ४ ते ८ सेकंद आणि २ सेकंदांचा टायमर लावा. प्रत्येक दिव्याला टोकं फुटून तो ताऱ्यासारखा दिसतो, चालणारी माणसं जवळजवळ नाहीशी होतात आणि चौकात फक्त सजावट उरते. असा फोटो फोनही देत नाही. तिपाई आत नेऊ देतात का, हे तिकीट काढण्याआधी पार्कला विचारून घ्या. परवानगी असली तरी नाताळच्या गर्दीत ती लोकांच्या पायात येते. छोटी टेबलावरची तिपाई किंवा मुगाची पिशवी त्याहून कामाची. पाव किलो मूग कापडी पिशवीत सैल शिवा, कठड्यावर ठेवा आणि कॅमेरा तिच्यात दाबून बसवा.

फोन कुठे जिंकतो

उंच सजावटीपुढे फोनची रुंद नजर उपयोगी पडते. दहा मीटर उंचीचं नाताळचं झाड उभ्या फोनमध्ये सात-आठ मीटरवरून मावतं. तेच झाड ५० मिमीत बसवायला बावीस-तेवीस मीटर मागे जावं लागतं, आणि तेवढ्या अंतरात शंभर माणसं आडवी येतात. शिवाय नाइट मोडमध्ये फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. त्यामुळे स्थिर वस्तूंच्या सावल्यांतला तपशील उजळतो आणि दाणे कमी होतात.

पण नाइट मोड माणसांवर वापरू नका. तीन सेकंदांत पोरं तीनदा हलतात, आणि जोडलेल्या फोटोत हाताला दोन कडा येतात. माणसं असतील तेव्हा तो बंद करा आणि त्यांना एखाद्या दुकानाच्या पांढऱ्या उजेडाकडे तोंड करून उभं करा.

फोनचे फोटो बिघडतात ते बहुतेक चार कारणांनी. पहिलं, लेन्सवरचा तेलकट थर. वडापाव खाल्लेलं बोट लेन्सवर लागलं की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि आडव्या रेघा ओढल्या जातात. मऊ सुती रुमालाने दर अर्ध्या तासाला पुसा. दुसरं, झूम. साध्या फोनमध्ये १ च्या पुढचं झूम म्हणजे बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करणं, म्हणून १ वरच राहा आणि पायांनी पुढे जा. ०.५ ची रुंद लेन्सही रात्री टाळा, तिला उजेड फार कमी मिळतो. तिसरं, दिवे पांढरे पडणं. फोन काळ्या आकाशाकडे पाहून फोटो उजळतो आणि लाल-हिरवे दिवे जळून पांढरे ठिपके होतात. पेटलेल्या माळेवर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट खाली ओढून उजेड कमी करा. आकडा दिसत असेल तर उणे ०.७ ते उणे १.३ पुरेसा. चौथं कारण एलईडीचं.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. स्वस्त सिरीज पन्नास वेळाच. डोळ्याला हे कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं. शटर १/२०० वर गेलं, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरतंच उघडलं, की फोटोत काळे-उजळ पट्टे येतात किंवा अर्धी माळ विझलेली दिसते. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे शटर आपण ठरवतो) शटर १/५० ठेवा, दोन्ही प्रकारच्या माळांना चालतं. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये फ्लिकरचा पर्याय ५० हर्ट्झवर आहे का तेही पाहा. धावणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिरीजसाठी उलटं करा: फोन टेकवून १ ते २ सेकंदांचं शटर द्या, म्हणजे सगळे रंग एकाच फोटोत उतरतात.

रंगासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटो किती पिवळा किंवा निळा दिसावा ती सेटिंग, ऑटोवर सोडू नका. पिवळ्या दिव्यांची ऊब फोन ‘दुरुस्त’ करून टाकतो. ३५०० ते ४००० केल्विनवर बांधून ठेवलं की झाड पिवळं आणि संध्याकाळचं आकाश निळं, दोन्ही टिकतात. निळ्या एलईडीच्या बोगद्यात मात्र काहीही केलं तरी चेहरे निळेच येतात. तिथे माणसांना बोगद्याच्या तोंडाशी, बाहेरचा उजेड पडेल असं उभं करा.

५० मिमी कधी न्यावी

घरात लहान लेकरू असेल, आजी-आजोबा पहिल्यांदाच एवढ्या लांब आले असतील, आणि भिंतीवर लावायला एक मोठा फोटो हवा असेल, तर ५० मिमी न्या. चेहरा आणि खांद्यांच्या फोटोला दीड-दोन मीटर अंतर पुरतं. मागची माळ चेहऱ्यापासून निदान चार-पाच मीटर दूर असली तर प्रत्येक दिव्याचा मऊ गोल होतो. फोनचा पोर्ट्रेट मोड हे गोल नकलेने बनवतो आणि नेमका केसांच्या, कानाच्या कडेला चुकतो. तिथे माळेचा एखादा दिवा अर्धा कापलेला दिसतो, रात्री जास्तच.

सेटिंग साधी ठेवा: एफ २, शटर १/१००, आयएसओ १६०० पासून सुरुवात, फोकसचा एकच बिंदू जवळच्या डोळ्यावर. एफ १.८ वर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट येऊ शकतो, म्हणून किंचित बंद केलेली बरी. चेहऱ्यावर उजेड कमी पडत असेल तर दुसऱ्या कुणाला फोनचा टॉर्च पांढऱ्या रुमालाने झाकून एक मीटरवरून, बाजूने धरायला सांगा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशपेक्षा हे शंभर पटींनी बरं दिसतं.

तिची अडचण अंतराची. आजच्या बहुतेक साध्या डीएसएलआरवर ५० मिमी अरुंद पडते. उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायला साडेचार मीटर मोकळी जागा लागते. दहा जणांच्या गटाला तर विसराच, तो फोटो फोनवर काढा. गटासाठी कॅमेराच वापरायचा असेल तर ३५ मिमी एफ १.८ जास्त सोयीची, मिळाली तर.

संध्याकाळची वेळ

साधन कुठलंही असो, आकाश पूर्ण काळं होण्याआधीचा अर्धा तास खरा मोलाचा असतो. सूर्य बुडून दहा ते तीस मिनिटं झाली की आकाश गडद निळं असतं आणि दिवे लागलेले असतात, इमारतींच्या कडाही दिसतात. त्यानंतर काळ्या पाटीवर ठिपके काढल्यासारखे फोटो येतात. २५ डिसेंबरच्या आसपास नागपूरला सूर्यास्त ५.४० च्या सुमाराला, रामोजीला ५.५० च्या आसपास आणि खोपोलीला ६.०८ च्या सुमाराला असतो. नागपूरच्या अंदाजाने गेलात तर खोपोलीत जवळपास अर्धा तास लवकर पोचाल आणि हैदराबादेत फारसा फरक पडणार नाही. म्हणजे इमॅजिकात सव्वासहा ते पावणेसात, आणि रामोजीत सहा ते साडेसहा या वेळेत कुठल्याही झुल्याच्या रांगेत उभं राहू नका. रात्रीची रोषणाई रामोजीत हिवाळी उत्सवाच्या काळात असते. त्या वर्षीच्या तारखा आणि बंद होण्याची वेळ तिकिटाआधी पाहून घ्या, नाहीतर दिवे लागण्याआधीच बाहेर पडावं लागेल. मिरवणूक असेल तर ती चालती असते, तिथे १/१०० च्या खाली शटर नेऊ नका आणि थोडे दाणे सोसा.

इमॅजिकाला बर्फाचं दालनही आहे. पांढऱ्या बर्फावर फोन आणि कॅमेरा दोघंही फोटो करडा करतात, म्हणून इथे उजेड अधिक ०.७ ते अधिक १ ने वाढवा, रोषणाईच्या बरोबर उलट. बाहेर आल्यावर थंड लेन्सवर दमट हवेचं दव बसतं. ते पुसत बसू नका. कॅमेरा आत असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि बाहेर वीस-पंचवीस मिनिटं पिशवीतच राहू द्या.

भाडं, उसनवारी आणि सराव

गावाहून खोपोलीला जाऊन येणं म्हणजे निदान तीन दिवस. स्टुडिओवाला भाडं दिवसाप्रमाणे धरतो, म्हणजे एका संध्याकाळच्या फोटोंसाठी तीन-चार दिवसांचे पैसे जातात. हे गणित एकट्या कुटुंबाला परवडत नाही, चार घरं मिळून जात असतील तर परवडतं. त्यापेक्षा गावच्या लगनाच्या फोटोग्राफरला विचारा. पौष लागला की मुहूर्त थांबतात आणि काही वर्षी नाताळ त्याच सुमारास येतो, त्यामुळे लगनसराईत हाती न लागणारा कॅमेरा तेव्हा मोकळा मिळू शकतो.

घेताना लेन्समधून टॉर्च आरपार टाकून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, अशी लेन्स घेऊ नका, दिव्यांभोवती धुकं येईल. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ वर काढा. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. दोन बॅटऱ्या, चार्जर आणि ३२ जीबीचं कार्ड मागून घ्या. लोडशेडिंगचा नेम नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच सगळं चार्ज करा. एसटीत किंवा रस्त्याच्या कडेला लेन्स बदलू नका, आपल्याकडची धूळ आणि कापसाचे तंतू थेट आत जातात.

सराव मात्र गावातच होतो. तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्षभर मांडव पडतात आणि डेकोरेशनवाला ज्या सिरीज लावतो त्या पार्कातल्या माळांसारख्याच एलईडीच्या असतात. एखाद्या मांडवाच्या कमानीसमोर संध्याकाळी फोन १/५०, १/१०० आणि १/२०० वर लावून तीन फोटो काढा आणि पट्टे कधी येतात ते पाहा. फोन १/१० वर हातात धरून पाच फोटो घ्या. चार हलले तर तुमच्या फोनमध्ये लेन्स स्थिर ठेवण्याची सोय नाही किंवा ती कमकुवत आहे. असा फोन असेल तर मुगाची पिशवी नक्की न्या.

फोटो धुऊन घेताना ४ बाय ६ इंचाला कुठलाही फोन पुरतो, इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी सुमारे २२ लाखच लागतात. १२ बाय १८ इंचाच्या चौकटीला इंचाला २०० धरले तर ८६ लाखांच्या आसपास लागतात. आकड्यात फोन तेवढे देतो, पण रात्रीच्या फोटोत त्याने पुसून गुळगुळीत केलेले केस आणि कापडाची वीण त्या आकारात उघडी पडते. मोठी चौकट ५० मिमीच्या फोटोचीच करा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून स्टुडिओत पोचतो. कॅमेरा परत देण्याआधी कार्डवरचं सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या, कारण पुढच्या कामाआधी फोटोग्राफर ते कार्ड रिकामं करतो.