अभिरूप संसदेत कोणती घटनादुरुस्ती घ्यावी : पहिली, ४२वी की ४४वी?

संविधान दिन जवळ आला की महाविद्यालयांत अभिरूप संसदेची, म्हणजे मुलांनी खासदार होऊन चालवायच्या लुटुपुटुच्या संसदेची, लगबग सुरू होते, आणि राज्यशास्त्र विभागात दरवर्षीचा प्रश्न निघतो : विषय कोणता? घटनादुरुस्तीवरची चर्चा घ्यायची एवढं ठरलं की साधारण तीन नावं पुढे येतात : १९५१ची पहिली, १९७६ची ४२वी आणि १९७८ची ४४वी. मुलांना बहुधा ४२वी हवी असते, कारण आणीबाणी म्हटलं की नाट्य आयतं मिळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो : पहिली घ्या. कायद्याचे विद्यार्थी असतील तर ४४वी. ४२वी घ्यायची हौसच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या.

पहिलीत दोन्ही बाकांना बोलायला भक्कम काही आहे. नेहरूंनी विधेयक मांडलं १२ मे १९५१ला, म्हणजे राज्यघटना लागू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. तेवढ्यात सरकारला न्यायालयांत एकामागून एक ठेचा लागल्या होत्या. 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी आणि 'ऑर्गनायझर' या उजव्या साप्ताहिकावर दिल्लीत लादलेली छपाईआधीची तपासणी, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी मोडीत काढल्या. मद्रासची जातवार प्रवेशपद्धत चंपकम दोराईराजन खटल्यात गेली. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयात टिकला नाही. वकिलांनी या सुंदर घटनेचं अपहरण केलं, अशा अर्थाचं नेहरू सभागृहात बोलले ते या वैतागातून. हे अडथळे दूर करण्यासाठीच ही दुरुस्ती होती.

विरोधी बाकाचा सवाल सरळ होता. ही हंगामी संसद; एकच सभागृह, प्रौढ मतदानाने निवडून न आलेलं. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना मूलभूत हक्कांना हात लावायची एवढी घाई का? श्यामाप्रसाद मुखर्जी, हृदयनाथ कुंझरू, आचार्य कृपलानी ही मंडळी या बाजूला होती. सरकारी बाकाचं उत्तरही तोडीस तोड : घटना लिहिली ती याच सभागृहातल्या माणसांनी, मग त्यांनाच ती दुरुस्त करण्याचा अधिकार कसा नाही? आणि कुळांनी जमिनीसाठी अजून किती थांबायचं? यातलं कुठलंच म्हणणं फालतू नाही. वीस वर्षांच्या मुलाला कुठल्याही बाजूला बसवा, त्याला मान खाली घालून बोलावं लागत नाही.

आपल्याकडच्या मुलांसाठी तर नववं परिशिष्ट म्हणजे खजिनाच. न्यायालयाच्या कचाट्यातून वाचवण्यासाठी त्यात सुरुवातीला १३ कायदे घातले. त्यातले सहा मुंबई प्रांताचे. १९४८चा कूळ कायदा त्यात आहे, खोती (कोकणातली खोतांची जमीनवसुलीची पद्धत) मोडणारा आहे, परगणा व कुलकर्णी वतन रद्द करणारा आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबादेत होता, तिथले जागिरींवरचे दोन. विदर्भ मध्य प्रदेशात, तिथला एक. ज्याच्या घरच्या सातबाऱ्यावर एकेकाळी कुळाची नोंद होती, त्याला ही यादी वाचून दाखवा. पुढचं तयारीचं काम तो आपणहून करतो. आणखी एक धागा : खोती मोडण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत १९३७ साली मांडलं होतं. १९५१मध्ये कायदामंत्री म्हणून या दुरुस्तीची बाजू लढवणारेही तेच.

शिवाय या चर्चेने मसुदा खरोखर हलला. भाषणस्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या, कलम १९(२)मधल्या निर्बंधांना आधी 'वाजवी' हे विशेषण नव्हतं. विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते तपासणाऱ्या निवडक खासदारांच्या समितीकडे, गेलं आणि हा शब्द आला. निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासायला न्यायालयाला त्यामुळे जागा राहिली. शेवटी विधेयक २२८ विरुद्ध २० मतांनी मंजूर झालं, तरी त्या वीस जणांची भाषणं आजही वाचावीशी वाटतात.

४२वीची अडचण अशी की तिथे चर्चा म्हणावी असं फारसं घडलंच नाही. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६मध्ये संपली होती, ती वाढवून घेतलेली. याच मुदतवाढीच्या निषेधार्थ मधु लिमयांनी खासदारकी सोडली. विरोधी पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधकांचा बहिष्कार. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी ५९ कलमांचं विधेयक अशा सभागृहातून मंजूर करून घेतलं. तुमच्या विरोधी बाकावरच्या मुलांना म्हणजे न झालेली भाषणं रचावी लागणार, आणि अर्धी मुलं इंदिरा गांधींवर घसरणार. उरलेला वेळ प्रास्ताविकातल्या 'समाजवादी, धर्मनिरपेक्ष' या शब्दांवर जाईल. न्यायालयीन तपासणीचं दार बंद करणारी कलम ३६८मधली (घटनादुरुस्तीची रीत सांगणारं कलम) उपकलमं, जी मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० साली रद्द झाली, त्यांच्याकडे कुणी फिरकणारही नाही. दुरुस्तीचा गाभा तर तोच होता.

४४वी कोरडी वाटते, पण जाणत्या मुलांना रंगवता येते. लोकसभेत जनता पक्ष, राज्यसभेत काँग्रेसचं बहुमत. जनता सरकारचे कायदामंत्री शांती भूषण यांच्या विधेयकात एक कलम होतं : घटनेच्या काही पायाभूत वैशिष्ट्यांना हात लावायचा तर जनमत घ्यावं, आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी मतदान केलेलं असावं. राज्यसभेने ते उडवून लावलं. घटना बदलण्याचा शेवटचा शब्द संसदेचा, न्यायालयाचा की थेट लोकांचा, हा वाद इतका नेमका दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीत सापडत नाही. मात्र संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारती खटला मुलांना आधी नीट समजलेला हवा, नाहीतर दहा मिनिटांत सगळे तेच तेच बोलायला लागतात. आणीबाणीची आवड असलेल्यांचीही इथे सोय होते, कारण आणीबाणी लावण्याच्या कारणांतून 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आलं ते याच दुरुस्तीने.

'काहीतरी ताजं घेऊ' असं कुणीतरी म्हणणारच. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३वी घ्या : ८ जानेवारी २०१९ला लोकसभेत मांडली, त्याच दिवशी ३२३ विरुद्ध ३ने मंजूर, दुसऱ्या दिवशी राज्यसभा पार. विषय कितीही पेटता असला तरी अभ्यासाला दोन दिवसांची भाषणं मिळतात. त्यात १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप (पक्षाचा आदेश) मोडून मत देणं म्हणजे खासदारकी पणाला लावणं, त्यामुळे भाषण ऐकून कुणाचं मत फिरेल ही आशा संपलीच.

पहिली घ्यायचं ठरलं तर आपला विरोध हरणार हे मुलांना आधीच सांगा, आणि एखादा शब्द तरी बदलून दाखवा असं काम द्या. अध्यक्षाच्या खुर्चीत बसणाऱ्याने तेव्हाचे अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्याविषयी वाचून यावं. मतदान कलमवार घ्या आणि ३६८चं गणित पाळा : एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश. सभागृह ६० जणांचं असेल आणि ४५ जणांनी मत दिलं, तर ३० मतांनी दोन-तृतीयांश भरतात, तरी विधेयक पडतं. ३१ लागतात. त्यामुळे पंधरा जणांना चहाला पळवून नेणं हीसुद्धा विरोधकांची खेळी ठरू शकते. दाराशी कुणाला उभं करायचं ते आधीच ठरवा.