फ्लास्क ३, जुना स्फिंक्स आणि ऑटोएपीआय : आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. सूत किती आलं, कुठल्या मागावर किती नग उतरले, कामगाराची मजुरी किती झाली, असा हिशेब. प्रोजेक्ट फ्लास्कमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क), डॉक्युमेंटेशन स्फिंक्समध्ये (कोडच्या माहितीची पानं बनवणारं साधन), आणि दोन्ही एकाच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजेसच्या एकाच संचात.

सप्टेंबरात फ्लास्क ३ वर गेलो आणि डॉक्स बिल्ड व्हायचे थांबले. जिंजामध्ये (फ्लास्क आणि स्फिंक्स दोन्ही वापरतात ते टेम्प्लेटचं पॅकेज) ‘एन्व्हायर्नमेंटफिल्टर’ सापडत नाही, अशी एरर. स्फिंक्सची पानं जिंजाच्या टेम्प्लेटमधून बनतात. आमचा स्फिंक्स ३.५ हे जुनं नाव मागत होता आणि जिंजा ३.१ ने ते २०२२ मध्येच काढून टाकलंय. नेहमीचा उपाय म्हणजे जिंजाची आवृत्ती ३.१ च्या खाली पिन (पक्की) करायची. पण फ्लास्क ३ ला किमान ३.१.२ लागतो. पॅकेजेस बसवणाऱ्या पिपने सरळ नकार दिला. स्फिंक्स लगेच वर नेला असता, पण मराठी मेनूसाठी आम्ही थीममध्ये बरीच ढवळाढवळ केलेली, आणि रिलीज तोंडावर.

मग डॉक्सना वेगळं एन्व्हायर्नमेंट दिलं. वाटलं, सुटलो. पण स्फिंक्सचा ऑटोडॉक हा जोडभाग डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली वर्णनं) वाचायला आपला कोड खरोखर इम्पोर्ट करतो, म्हणजे चालवतो! म्हणजे तिथेही फ्लास्क हवाच, आणि फ्लास्कमागोमाग नवा जिंजा. अशा वेळी मिळणारा ‘वेगळं एन्व्हायर्नमेंट करा’ एवढाच सल्ला म्हणूनच अपुरा आहे. माझे दोन दिवस इथे गेले. ऑटोडॉकच्या मॉक इम्पोर्टने (खऱ्या पॅकेजच्या जागी नकली उभं करून) बिल्ड झाला, पण डेटाबेस मॉडेलची पानं अर्धवट दिसायची, आणि मजुरीचा हिशेब तर त्याच मॉडेलवर चालतो.

ऑटोडॉकऐवजी वापरायच्या स्फिंक्स-ऑटोएपीआय या जोडभागाने गाठ सोडवली. तो कोड चालवत नाही, नुसता वाचतो. त्यामुळे डॉक्सच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये फ्लास्क लागतच नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत काम कमी होतं, तेव्हा थीम दुरुस्त करून स्फिंक्स ७ वर नेला. प्रोजेक्टच्या एकाही पॅकेजला हात लागला नाही. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्रासही आहे. अंडरस्कोअरने सुरू होणारी खाजगी फंक्शन्स तो मुळातच छापतो. ऑप्शन्समधून ती काढावी लागली. नको असलेल्या फायली वगळायला इग्नोरची यादी लिहिली. आणि प्रोग्राम चालू असताना तयार होणारे रूट (वेब पत्ते) त्याला दिसत नाहीत, कोड चालवतच नाही तर दिसणार कुठून? ती पानं मी अजून हाताने लिहितो.