जागतिक घड्याळाचं सॉफ्टवेअर : पट्टी झकास, अल्माटी चूक

जगभरच्या शहरांची वेळ एकत्र दाखवणारं हे सॉफ्टवेअर. फीचर्सची यादी इथे देत नाही. पुण्यात बसून शिकागो, लंडन आणि कझाकस्तानातल्या अल्माटीच्या ग्राहकांचे कॉल लावणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी २०२३च्या दिवाळीआधी हे विकत घेतलं.

सुरुवातीला फार खूश होतो. खालची पट्टी माउसने सरकवली की सगळी शहरं एकदम पुढे-मागे होतात, कुणाची रात्र आहे ते लगेच दिसतं. त्या पट्टीपायी ओळखीच्यांनाही हे घ्यायला लावलं. २९ ऑक्टोबरला उन्हाळी वेळ संपून लंडनचं घड्याळ तासभर मागे गेलं, शिकागोचं ५ नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात आमच्याकडे दरवर्षी गोंधळ उडतो, त्या वेळी एकही कॉल चुकला नाही.

मग १ मार्च २०२४ उजाडला. कझाकस्तानने देशभर एकच वेळ केली, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक पाच तास. अल्माटी आपल्या अर्धा तास पुढे असायचं, ते अर्धा तास मागे आलं. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच वेळेला चिकटून. तिथल्या चारच्या मीटिंगला आमची माणसं तासभर आधी येऊन बसली. त्याच कॉम्प्युटरवर विंडोजचं घड्याळ बरोबर होतं!

सपोर्टचं उत्तर आलं : नवा डेटा नव्या आवृत्तीत आहे, वार्षिक नूतनीकरण भरा. इथे माझं डोकं फिरलं. जगभरच्या वेळांचा टीझेड डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केला. २०११पासून तो आयएएनएकडे (इंटरनेटचे पत्ते-क्रमांक सांभाळणारी संस्था) आहे, कुणालाही फुकट मिळतो. कझाकस्तानचा बदल त्यात १ फेब्रुवारीलाच आला होता, म्हणजे महिनाभर आधी. थीमचे, रंगांचे पैसे घ्या, मी देईन. पण घड्याळाने बरोबर वेळ दाखवायचे वेगळे पैसे कसले?

सध्या उझबेकिस्तानातल्या ताश्कंदचा टाइम झोन निवडून त्याला अल्माटी नाव दिलंय. तिथेही अधिक पाचच आहे, त्यामुळे चालतंय. पण ऑक्टोबर २०२४मध्ये पॅराग्वेने घड्याळं बदलणंच कायमचं बंद केलं. तिथले ग्राहक असणाऱ्यांनी काय करायचं? असे बदल होतच राहणार.

पट्टी आजही आवडते, म्हणून काढून टाकलं नाही. नूतनीकरण मात्र भरणार नाही. घेणार असाल तर झोनचा डेटा फुकट अपडेट होतो का, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या. पाच तारे दिले होते, ते दोन केलेत.